ते ‘हो’ तुझं नव्हतं, वैनी

वैनी,

तुझ्या बाराव्याला आलेली एक बाई मला म्हणाली, "किती शांत होत्या हो तुमच्या जाऊबाई. कधी त्यांचा चढा आवाज म्हणून ऐकला नाही." मी तिच्या पानात भात वाढत होते. हात तिथेच थांबला. वाटलं, ही चुकून दुसऱ्याच कुणाच्या बाराव्याला तर आली नाही ना? मग लक्षात आलं. बोईसरच्या बाजारात ती तुझ्या शेजारी दोनच वर्षं बसली होती, आणि नेमकी तीच दोन वर्षं. नंतर ती विरारला सुनेकडे राहायला गेली. तिने पाहिलेली वनिता तू नव्हतीसच.

भात वाढला आणि पुढे सरकले. पण तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. माणसं तुला विसरतील तेव्हा विसरोत, पण तू शांत होतीस असं कुणाच्या लक्षात राहावं, हे मला चालणार नाही.

मी केळव्याहून लग्न करून नवापूरला आले, तेव्हा तू या घरात दहा वर्षं जुनी झाली होतीस. मोठी जाऊ म्हणून मी तुला ‘तुम्ही’ म्हणायचे, आवाज खाली ठेवून बोलायचे. चार दिवस तू ऐकून घेतलंस. पाचव्या दिवशी मासळी साफ करता करता हातातला कोयता वर करून म्हणालीस, "तुमी तुमी काय लावलंय गं? मी काय तलाठी हाय? तू म्हन मला. भांडायला बरं पडतं."

आणि खरंच बरं पडलं. वीस वर्षं आपण भांडलो. पाण्याच्या पिंपावरून भांडलो, माझ्या कोंबड्यांनी तुझ्या वाळत घातलेल्या बोंबलांत चोची मारल्या त्यावरून भांडलो, मी तारापूरच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले त्यावरूनही भांडलो. नोकरीच्या भांडणानंतर तू आठ दिवस अबोला धरलास आणि नवव्या दिवशी, कंपनीची बस यायच्या आधी, माझ्या डब्यात कोळंबीचं सुकं भरून दिलंस. "त्या बायांना कळू दे, कुठल्या घरची हायेस ते." भांडण मिटवायची तुझी हीच एक रीत. माफी मागणं, माफ करणं, असले शब्द तुझ्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.

आणि सगळ्यात मोठं भांडण ओट्याचं. आपली घरं दोन, पण पुढचा ओटा एक. दुपार कलली की आळीतल्या बायका तिथे यायच्या. कुणी मासळी निवडायची, कुणी फाटकं जाळं सांधायची, आणि मधे तू, सगळ्या गावाची खबर ठेवणारी. मला त्यातला अर्धा ओटा भिंत घालून हवा होता. माझ्या निशाची बारावी जवळ आली होती आणि तिला अभ्यासाला कोपरा नव्हता. मी तीन वर्षं मागत होते. तीन वर्षं तुझं एकच उत्तर. "ओटा हाय म्हनून घर हाय. भिंत घातली की खुराडं झालं. नाय म्हंजे नाय."

मग तू पडलीस. बंदरावर बर्फाचा क्रेट उचलताना पाय घसरला आणि क्रेटसकट कमरेवर आदळलीस. डॉक्टरांनी फोटो काढला. मणका मोडला नव्हता, नस दबली होती. त्यांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. दहा दिवसांनी दुखणं उतरलं, पण गोळी सुटली नाही. बाजारातल्या एका मेडिकलवाल्याला तू तीच जुनी चिठ्ठी दाखवत राहिलीस. पुढे पुढे त्याने चिठ्ठी मागणंही सोडलं. घरात आम्हाला इतकंच ठाऊक की वैनी कमरेची गोळी घेते. डोक्यावर पाटी वाहणारी कुठली बाई घेत नाही?

सुरुवातीला तर तू जास्तच खुशीत होतीस. उठल्या उठल्या अंगण, पाट्या, भांडी, सगळं एका दमात. "सुजा, गोळी नाय, देव हाय गं," असं म्हणायचीस. मग हळूहळू तुझा आवाज बारीक होत गेला. गिऱ्हाइकाने पापलेटाला नाव ठेवलं तर त्याच्या सात पिढ्या काढणारी तू, मुकाट्याने मासा परत पाटीत ठेवायला लागलीस. ओट्यावर बायका यायच्या, तू त्यांच्यात बसायचीस, पण डोळे रस्त्यावर. कुणी काही विचारलं तर "हां" म्हणायचीस. हळूहळू बायका यायच्या कमी झाल्या. भाऊजी म्हणाले, वय झालं, आता समजूतदार झाली. मीही म्हटलं, देवाने सुबुद्धी दिली. एका माणसाचं घरातल्या घरात हरवणं आम्ही सगळ्यांनी मिळून साजरं केलं, वैनी.

त्यातच तुझ्या माहेरी, मुरब्याला, तुझी आई वारली. बायका तुझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि तू त्यांच्या पाठीवर हात ठेवून समोरच्या कॅलेंडरकडे बघत होतीस. परत येताना रिक्षात मला म्हणालीस, "सुजा, मला रडू का येत नाय गं?" आमटीत मीठ कमी पडलंय म्हणावं, तसं म्हणालीस. मी म्हटलं, धक्का बसलाय तुला. तू म्हणालीस, "असंल."

दीड महिन्याने दर्शना बाळंत झाली. तुझी एकुलती एक लेक, तिची पहिली मुलगी. स्वराला तुझ्या मांडीवर ठेवलं तेव्हा मी तिथेच होते. तू बाळाकडे पाहिलंस, दोन मिनिटं धरलंस, आणि परत दिलंस. "घे, ओली झालीय." ती ओली नव्हती. दर्शनाने दुपटं चाचपून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

त्याच उन्हाळ्यात मी पुन्हा ओट्याचा विषय काढला. तू पायरीवर बसली होतीस.

"वैनी, ओट्याला भिंत घालू का?"

"घाल."

मला वाटलं नीट ऐकलं नाहीस. "अर्धा ओटा जाईल तुझा."

"जाऊ दे."

आठवड्याच्या आत गवंडी आला. चार दिवसांत भिंत उभी राहिली, समुद्राच्या बाजूला खिडकी बसली. तू त्या विटांच्या बाजूने पाटी घेऊन जात-येत राहिलीस आणि एकदाही थांबून बघितलं नाहीस.

पावसाळा संपता संपता, बाजारात भर सकाळी तुला झटका आला. मी कंपनीत होते. शेजारच्या बाईचा फोन आला की वनिता पाटीवर पडली, हातपाय ताठ झाले, तोंडातून फेस आला. मी पोचेपर्यंत तुला पालघरच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तुझ्या साडीला खवले चिकटलेले होते. डोकं तपासलं, रक्त तपासलं, मग एक तरुण डॉक्टर मॅडम तुझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, कुठली गोळी घेता? आणि किती?"

तू खरं सांगितलंस. नाव सांगितलंस, आकडा सांगितलास. भाऊजींनी कपाळाला हात लावला. तू त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. तेव्हा मला तो तुझा खरेपणा वाटला होता. आता वाटतं, खोटं बोलायलासुद्धा समोरच्याची काही पर्वा असावी लागते.

मॅडमनी तुला सांगितलेलं मी पुढे कितीतरी जणींना सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "या जातीच्या औषधासारखंच काहीतरी आपला मेंदू स्वतःच थोडं थोडं बनवतो. आईने पाठीवरून हात फिरवला, चार जणींत बसून हसलो, लेकरू मांडीवर घेतलं, की ते सुटतं. म्हणून माणसांत बरं वाटतं. आणि माणूस गेलं की जखम झाल्यासारखं दुखतं, तेही मेंदूच्या त्याच वाटेने. तुम्ही बाहेरून रोज एवढं घातलंत की त्या थेंबांची मेंदूला चवच लागेना. मग दुखणं बधिर झालं, आणि त्याच्याबरोबर माणसंही. सगळ्यांचं असंच होतं असं नाही मावशी, पण तुमचं झालेलं दिसतंय."

तू छताकडे नजर वळवलीस. मग म्हणालीस, "म्हंजे मला कोनीच लागत नव्हतं."

मॅडमना ते कळलं का, ठाऊक नाही. मला कळलं. नातं लागतं, ठेच लागते, जीव लागतो. तुझं सगळंच लागायचं थांबलं होतं.

गोळी एकदम तोडायची नव्हती. मॅडमनी दर आठवड्याला थोडी थोडी कमी केली, आणि झटक्याची भीती म्हणून वेगळं औषध दिलं. तरी ते दिवस वाईट गेले. नाक गळायचं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, जुलाब थांबत नव्हते, पाय तर असे ओढायचे की तू ते भिंतीवर आपटायचीस. दर्शना तान्ह्या पोरीला घेऊन येऊन राहिली. तू तिला म्हणालीस, जा, माझ्याजवळ बसू नको. ती बसूनच राहिली.

एका सकाळी मी पेज घेऊन आले. तू एक घोट घेतलास, तोंड वाकडं केलंस आणि म्हणालीस, "ही पेज हाय का गवंड्याचा चुना?"

मी वाटी खाली ठेवली आणि दाराला धरून रडायला लागले. तू घाबरलीस. "अगं, मी पेजेला बोलले, तुला नाय." मी म्हटलं, मलाच बोल, मलाच बोल बाई.

त्यानंतर महिनाभराने, भर दुपारी, तू मांदेली साफ करत होतीस. एकदम कोयता टाकलास आणि ओरडलीस, "आय मेली गं माजी!" अख्खी आळी धावत आली. कुणाला वाटलं मुरब्याहून आजच निरोप आला. तुझ्या आईला जाऊन आठ महिने झाले होते. एवढे महिने अडून राहिलेलं रडं त्या दिवशी आलं. कुणी हसलं नाही, कुणी हिशेब विचारला नाही. बायका तुझ्याभोवती बसल्या, कालच माती दिल्यासारख्या पुन्हा रडल्या. मासळीच्या हातांनी तू माझा दंड धरला होतास. तो वास दोन दिवस गेला नाही आणि मी तो घासून काढलाही नाही.

दुसऱ्या दिवशी तू दर्शनाकडे सरावलीला गेलीस. ती सांगते, तू स्वराला मांडीवर घेतलंस ते पाय बधिर होईपर्यंत खाली ठेवलं नाहीस.

आणि मग तुझं लक्ष भिंतीकडे गेलं.

"हे कवा झालं?"

"उन्हाळ्यात. तुला विचारूनच घातली वैनी. तू हो म्हणालीस."

"मी?"

"पायरीवर बसली होतीस. दोनदा विचारलं."

तू भिंतीवर हात फिरवलास. "सुजा, ते मी म्हनले नाय. गोळी म्हनली."

"तोंड तर तुझंच होतं ना?"

"तोंड माझं होतं. मी नव्हते."

हे भांडण आपण चार वर्षं भांडलो. मी म्हणायचे, निशाची परीक्षा झाली, पोरगी नर्सिंगला लागली, त्या खोलीचं चीज झालं. तू म्हणायचीस, पोरीचं भलं झालं, पर माझा ओटा दे. मी म्हणायचे, आता भिंत पाडू का? तू म्हणायचीस, पाडू नको, पर तू चोरून घातलीस असं म्हन. मी ते कधी म्हटलं नाही. उरलेल्या अर्ध्या ओट्यावर तू भिंतीला पाठ लावून बसायचीस, बायका पुन्हा जमायला लागल्या, आणि प्रत्येक नव्या बाईला तू अंगठ्याने पाठीमागे दाखवून सांगायचीस, "ही भिंत मी नसताना घातलीय."

त्या चार वर्षांत तू मला परत मिळालीस, असं मी मानते. बाजारात तू तुझी गोष्ट लपवली नाहीस. कुणी बाई "कमरेची गोळी" म्हणाली की तू तिची पिशवी हिसकून बघायचीस. तिघींना तू हाताला धरून मॅडमकडे नेलंस. एकीच्या नवऱ्याने तुला शिव्या घातल्या, तेव्हा तू त्याला ज्या घातल्यास त्या अजून बाजारात सांगतात.

गेल्या दिवाळीनंतर तुझ्या पोटात गाठ निघाली. मुंबईला नेलं, तपासण्या झाल्या, मोठ्या डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेतलं. परत आलीस तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि तुलाही. वारा येतो म्हणून आम्ही तुझी खाट माझ्या त्या नव्या खोलीत, खिडकीजवळ टाकली. तू आडवी झालीस, छत बघितलंस, चारी भिंती बघितल्यास आणि म्हणालीस, "शेवटी माझ्याच ओट्यावर निजले ना?"

महिनाभरात दुखणं असं वाढलं की तुला कूस बदलवेना. घरी येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, आता मॉर्फिन सुरू करायला हवं. आम्ही त्यांना तुझी जुनी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, माहीत असणं बरं, डॉक्टरांशी बोलून जपून देऊ, पण द्यायला हवं. मॉर्फिन त्याच जातीचं आहे हे तू बरोबर ओळखलंस.

"ती नको."

"वैनी, हे वेगळं आहे. मोजून देतात, घड्याळ लावून."

"ती नको म्हनले ना. दोन वरसं दगड होते मी. आयसाठी रडले नाय. पोरीला ओली हाय म्हनून परत दिली. आता थोडे दिवस हायेत, ते मला लागू दे."

"आणि हे दुखणं?"

"दुखू दे. दुखतंय म्हंजे मी हाय."

पाच दिवस तू ऐकलं नाहीस. दात खाऊन पडून राहायचीस. सहाव्या दिवशी स्वरा, आता पाच वर्षांची, शाळेतून आली आणि नेहमीसारखी खाटेवर चढली. तिचा गुडघा तुझ्या पोटाला जरासा लागला. तू किंचाळलीस आणि तिला ढकललंस. ती खाली पडली. रडली नाही. नुसती तुझ्याकडे बघत भिंतीपर्यंत मागे सरकली.

ती गेल्यावर मी तुझ्यावर ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये, एवढी अक्कल मला आहे. पण ओरडले. "बघितलंस? आत्ताही परत दिलीस पोरीला. तेव्हा गोळीने दिलीस, आता दुखण्याने. दगड व्हायला गोळीच लागते असं नाही."

तू डोळे मिटलेस. मग म्हणालीस, "घेईन. पर एक वचन दे."

"काय?"

"रोज सकाळी माझ्याशी भांडायचं. मी उलटून बोलले तर मी हाय. नाय बोलले तर समज गेले आनि त्या सिस्टरला सांग, कमी कर."

पहिले दोन दिवस तू नुसती झोपलीस. मी सकाळी खाटेशी बसून म्हटलं, "वैनी, तुझ्या कालवणाला कधी चव नव्हती." उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वाटलं, मीच तुला पुन्हा तिकडे ढकललं. सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, "सुरुवातीला गुंगी असते, दोन-तीन दिवस थांबा. त्या कित्येक दिवस दुखण्याने झोपल्याच नव्हत्या ना?" तिसऱ्या सकाळी मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, घाबरत घाबरत. तू डोळे न उघडता म्हणालीस, "तुझ्या नवऱ्याला विचार. तुझ्या हातचं खाऊन तो माझ्या दाराशी कशाला यायचा?"

आमचे हे दारात उभे होते. तेच आधी हसले.

सात आठवडे मिळाले. रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी मी तुझ्याशी भांडायचे. कधी पिंपावरून, कधी कोंबड्यांवरून, विषय संपले की भिंत होतीच. तू एकही दिवस हरली नाहीस. स्वरा आठ दिवस दारातूनच बघत होती. मग तूच तिला हाक मारलीस, "ये गं, आता नाय ढकलत. हिकडून चढ, ही बाजू चांगली हाय." ती चढली. दर्शनाने खिडकीकडे तोंड वळवलं. आणि एकदा, सिस्टर तपासत असताना, तू त्यांना विचारलंस, "ही तीच जात, मंग या वेळी मानसं कशी लागतात?" त्या म्हणाल्या, सगळं काही कळलंय असं नाही आजी, पण दुखण्यापुरतीच दिली आणि मोजून दिली, तर बरेचदा माणूस राहतं. तू म्हणालीस, "ऱ्हायलं खरं."

शेवटच्या दिवशी सकाळी मी चहा चमच्याने पाजत भांडण काढलं. तू मान हलवलीस.

"आज ऱ्हाऊ दे. नुसती बस."

मी चमचा खाली ठेवला. "वैनी, तू हायेस ना?"

"हाय की. कंपनीत जाऊ नको आज."

मी गेले नाही. बसचा हॉर्न वाजला, थांबला, निघून गेला. दर्शना आली, भाऊजी आले, स्वरा पायाशी बसली. दहाच्या सुमारास तुझा श्वास लांबला. तुझा हात माझ्या हातात होता, आणि तू तो धरला होतास, नुसता ठेवलेला नव्हता. हा फरक मला चांगला कळतो.

आता जे फक्त मला माहीत आहे, ते.

गवंडी यायच्या आदल्या दिवशी तुझी पाटी मी धुवायला घेतली होती. तळाच्या प्लास्टिकखाली रबर लावलेला रिकाम्या पट्ट्यांचा गठ्ठा होता. मी दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्याच हाताळते. आमच्या कंपनीत ती गोळी होत नाही, पण पट्टीवरच्या लाल खुणेचा अर्थ, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, मला कुणी शिकवायला नको होता. मी नाव वाचलं, गठ्ठ्याची जाडी बघितली, आणि मला तिथल्या तिथे कळलं की तुझं ‘घाल’ कुठून आलं होतं. मी गठ्ठा होता तसा ठेवला. पाटी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी गवंड्याला चहा केला.

त्या दिवशी बोलले असते तर तुला बाजारात झटका आला नसता. स्वराचे ते पहिले महिने तुझे असते. चार वर्षं तू म्हणत राहिलीस, चोरून घातलीस असं म्हन, आणि मी म्हटलं नाही, कारण ते शब्दशः खरं होतं.

शेवटच्या सात आठवड्यांत रोज ठरवायचे, आज सांगू. आणि रोज स्वतःला समजवायचे, आता ती मॉर्फिनवर आहे. आता तिने पोटात घातलं, तर ते तिने घातलं की गोळीने? एकदा गोळीकडून होकार घेतलाय, आता माफीही तिच्याकडून नको. किती शहाणपणाचं वाटायचं मला ते! पण तू रोज उलटून बोलत होतीस. तू पुरती तूच होतीस. म्हणूनच मी घाबरले. नुसती बस म्हणालीस तेव्हाही शब्द माझ्या ओठांवर होते, आणि मी नुसती बसले.

परवा मी दर्शनाला सगळं सांगितलं. गठ्ठा, पाटी, गवंडी, सगळं. ती चहाचा कप हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली, "काकी, तू हे आयला का नाय सांगितलंस?" आणि कप तसाच ठेवून निघून गेली. आज दोन दिवस झाले, तिने फोन उचललेला नाही.

ती येईल, वैनी. आली की तिला तुझ्या वाटचंही बोलू दे. मी खाली मान घालून बसेन आणि ती थांबेपर्यंत ऐकेन.